कचऱ्यातला अवयव आणि वीस कोटींचा उपचार!

८ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'रेथायमिक' नावाच्या एका उपचाराला मान्यता दिली. काही बालके थायमस नावाची ग्रंथी नसतानाच जन्माला येतात. अशा बालकाच्या मांडीच्या स्नायूत दुसऱ्या बालकाच्या थायमसचे पातळ काप बसवायचे, असा हा उपचार आहे. ज्या कंपनीने तो बाजारात आणला तिने त्याची किंमत जाहीर केली सुमारे २७ लाख डॉलर. त्या वेळच्या दराने आपले वीस कोटी रुपये! आणि ज्या मांसाच्या तुकड्यापासून हा उपचार तयार होतो, तो तुकडा लहान बालकांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांतून एरवी कचऱ्यात जातो.

आम्ही हा विषय एका अभ्यासवर्गात काढला तेव्हा एका जुन्या कार्यकर्त्याने तोंडावर विचारले, "वकीलसाहेब, पोरांची शिष्यवृत्ती थकली, अनुशेष भरला जात नाही, गायरानावरची आपली घरे उठवली जातात, आणि तुम्ही हे अमेरिकेतल्या वर्षाला वीस पोरांचे दुखणे काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. चळवळीने आपली शक्ती कोठे खर्च करावी हा विचार प्रत्येक कार्यकर्त्याने केलाच पाहिजे. पण हा प्रश्न आपला नाही असे आम्हाला वाटत नाही. का वाटत नाही, ते सविस्तर सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थायमस म्हणजे काय ते पाहू. छातीच्या मधल्या हाडाच्या मागे, हृदयाच्या वरच्या अंगाला ही ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते, वय वाढेल तशी आक्रसत जाते. हाडांच्या मगजात तयार झालेल्या कच्च्या पेशी येथे येतात आणि येथे त्यांची कडक परीक्षा होते. ज्यांना शत्रू ओळखता येत नाही त्या बाद, ज्या आपल्याच शरीरावर उलटतील त्याही बाद. शंभरातल्या पाचसुद्धा उत्तीर्ण होत नाहीत. ज्या होतात त्यांना थायमसच्या आद्याक्षरावरून 'टी-पेशी' म्हणतात. एड्सचा विषाणू ज्या पेशींना मारतो त्या यांच्यातल्याच. म्हणजे थायमस नसलेले बाळ हे विषाणू न लागताच एड्सच्या रुग्णासारखे उघडे पडलेले असते. साधी सर्दी, तोंडातली बुरशी, हगवण, न्यूमोनिया यांपैकी काहीही त्याला पुरते. उपचार न मिळाल्यास असे मूल दोन-तीन वर्षांच्या आतच दगावते.

ही अवस्था बहुधा ज्या विकारात आढळते त्याचे वर्णन फिलाडेल्फियाच्या डॉ. अँजेलो डिजॉर्ज यांनी १९६५ मध्ये केले. बावीसाव्या गुणसूत्राचा एक लहानसा भाग गळालेला असणे हे त्याचे सर्वांत सामान्य कारण. अशा बालकांना हृदयाचे जन्मजात दोष असतात, रक्तातले कॅल्शियम कमी होऊन झटके येतात. त्यातल्या अगदी थोड्यांना थायमस मुळीच नसतो. हाडांच्या मगजाचे प्रत्यारोपण येथे पुरेसे पडत नाही, कारण कच्च्या पेशी कितीही दिल्या तरी त्यांना शिकवणारी शाळाच नाही.

आता या ग्रंथीचा इतिहास पाहा. तो वाचला तेव्हाच आम्हाला समजले की हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही.

मृतदेहाची चिरफाड करून वैद्यकशास्त्र शिकले. पण ते मृतदेह कोणाचे होते? ब्रिटनमध्ये १८३२ साली शरीररचनाशास्त्राचा कायदा झाला आणि अनाथालये, गरीबखाने यांत मेलेल्या, कोणी हक्क न सांगितलेल्या माणसांची प्रेते वैद्यकीय विद्यालयांना मिळू लागली. अमेरिकेत तर कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीतून प्रेते चोरली जात. श्रीमंताचा देह दगडी थडग्यात सुरक्षित, गरिबाचा टेबलावर. उपासमार, दीर्घ आजार आणि सततचा ताण यांनी थायमस आक्रसतो. म्हणून या गरिबांच्या देहात डॉक्टरांना थायमस नेहमी लहानच दिसला, आणि पाठ्यपुस्तकात तेच 'सामान्य' माप म्हणून नोंदले गेले. लंडनच्या जॉन सायमन यांनी १८४५ मध्येच थायमसला पोषणाचे मापक म्हटले होते. ते मागे पडले.

पुढे काय झाले? खात्यापित्या घरातले एखादे बाळ झोपेत अचानक दगावे. त्याचे शवविच्छेदन केले की थायमस मोठा दिसे. वास्तविक तो मोठा नव्हताच, तो जेवढा असायला हवा तेवढाच होता! पण डॉक्टरांच्या डोक्यात गरिबाचे माप बसलेले. त्यांनी निष्कर्ष काढला की मोठा थायमस श्वासनलिका दाबतो आणि बाळ गुदमरते. १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी या न झालेल्या रोगाला भारदस्त लॅटिन नावही दिले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धडधाकट बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडून थायमस लहान करण्याची प्रथा अमेरिकेत पसरली. १९३१ मध्ये ब्रिटनच्या एका चौकशी समितीने या रोगात काही तथ्य नाही असे सांगितले, तरी प्रथा थांबली नाही. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे १९२६ ते १९५७ या काळात क्ष-किरण दिलेल्या बाळांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांच्यात कंठग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले.

गरिबाचे शरीर प्रमाण मानले, पण त्याची गरिबी हिशेबात धरली नाही. आणि त्या चुकीची शिक्षा भोगली ती सुखवस्तू घरांतल्या मुलांनी! विषमता ही फक्त खालच्यालाच मारते असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावे. आपल्याकडे १९४९ चा मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियम आहे, जो आज महाराष्ट्राच्या नावाने लागू आहे. त्याखालीही बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांकडे जातात. आता स्वेच्छेने देहदान करणारेही पुष्कळ आहेत, त्यात आपले बौद्ध बांधव मागे नाहीत. पण 'बेवारस' या शब्दाखाली कोण येतो? फूटपाथवर झोपणारा नाका कामगार, परगावाहून आलेली कचरा वेचणारी बाई. जिवंतपणी ज्यांची नोंद कोणी घेत नाही, मेल्यावर त्यांची मापे पुस्तकात जातात. असो.

थायमसचे खरे काम काय हे १९६१ मध्ये कळले. लंडनमध्ये संशोधन करणाऱ्या जॅक मिलर या तरुण शास्त्रज्ञाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचा थायमस काढून पाहिला आणि ते उंदीर संसर्गाने मरू लागले. तोपर्यंत हा अवयव निरुपयोगी समजला जात होता. पुढे सातच वर्षांनी, १९६८ मध्ये, अमेरिकेत गर्भाच्या थायमसचे प्रत्यारोपण करून डिजॉर्जच्या विकाराची बालके वाचवण्याचे पहिले प्रयत्न झाले.

आजच्या उपचारामागे नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठाच्या डॉ. लुईस मार्कर्ट यांची जवळजवळ तीन दशकांची मेहनत आहे. हृदयावर शस्त्रक्रिया करताना वाट मोकळी व्हावी म्हणून सर्जन थायमसचा काही भाग कापून बाजूला काढतात. नऊ महिन्यांपर्यंतच्या बाळाचा असा काढलेला थायमस पालकांच्या संमतीने घ्यायचा, त्याचे काप करून प्रयोगशाळेत १२ ते २१ दिवस वाढवायचे. या काळात दात्याच्या टी-पेशी त्यातून निघून जातात. उरते ती फक्त शाळेची इमारत आणि मास्तर. मग ते काप आजारी बाळाच्या मांडीत बसवायचे. बाळाच्या स्वतःच्या कच्च्या पेशी तेथे जातात, शिकतात आणि टी-पेशी होऊन बाहेर पडतात. छातीतला अवयव मांडीतही काम करतो, हे आम्हा अडाण्यांना नवलच! मात्र हे शिक्षण पूर्ण व्हायला सहा महिने ते वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तोवर मुलाला संसर्गापासून जपावेच लागते.

१९९३ ते २०२० या काळातल्या चाचण्यांत १०५ रुग्ण होते. परिणाम तपासण्यासाठी त्यातली ९५ बालके धरली, आणि त्यांत प्रत्यारोपणानंतर एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण ७७ टक्के निघाले. जे पहिले वर्ष पार करतात त्यांच्यातले बहुतेक पुढेही जगतात. हृदयाचे, कॅल्शियमचे दोष यामुळे जात नाहीत, काहींना थायरॉइडचे किंवा रक्तपेशींचे विकार उद्भवतात. तरीही जेथे मृत्यू ठरलेला होता तेथे चारातली तीन मुले जगतात, ही गोष्ट लहान नाही. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातही २००९ पासून हे काम चालू आहे. तेथे सरकारी आरोग्यसेवा आहे.

मग वीस कोटी आले कोठून? आम्ही वकील आहोत, आम्हाला हिशेब मागायची सवय आहे. कच्चा माल दानात मिळाला. संशोधनाला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे आणि तेथल्या अन्न व औषध प्रशासनाचे अनुदान होते, म्हणजे करदात्यांचा पैसा. त्यानंतर कंपनी आली. कंपनीने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्रशासनाने उत्पादनव्यवस्थेतल्या त्रुटींवरून मान्यता नाकारली होती, त्या त्रुटी दूर करण्यात खर्च आला असणार. पण मान्यतेबरोबर कंपनीला काय काय मिळाले तेही पाहा. दुर्मिळ रोगांच्या औषधांसाठी १९८३ च्या कायद्याने सात वर्षांची मक्तेदारी मिळते. शिवाय दुसऱ्या कोणत्याही औषधाची तपासणी लवकर करून घेण्याचे एक हक्कपत्र मिळाले. असे हक्कपत्र विकता येते, आणि त्या काळात त्याला बाजारात दहा कोटी डॉलरच्या आसपास भाव होता. अमेरिकेत अशी बालके वर्षाला सतरा ते चोवीस जन्मतात असा अंदाज आहे. गिऱ्हाईक थोडे म्हणून भाव मोठा, असे समर्थन केले जाते. पण हे गिऱ्हाईक नाही, मरणाच्या दारातले लेकरू आहे!

कायद्याच्या दृष्टीने यात एक मोठी गंमत आहे. मानवी अवयव विकणे अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आहे, २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतीही आल्या, त्यांचा व्यापार केल्यास शिक्षा आहे. आई-बापाने आपल्या बाळाचा थायमस विकला तर ते गुन्हेगार. पण तोच थायमस प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे वाढवला की त्याचे 'उत्पादन' होते, आणि उत्पादनाला वाटेल ती किंमत लावणे हा व्यापार कायदेशीर! आपल्या २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांतही पेशींपासून तयार केलेले उत्पादन 'नवीन औषध' या व्याख्येत येते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मूर खटल्यात हेच तत्त्व पक्के केले. रुग्णाच्या काढलेल्या प्लीहेपासून डॉक्टरांनी पेशींचा वाण तयार करून त्याचे पेटंट घेतले. रुग्णाने मालकी मागितली. न्यायालय म्हणाले, डॉक्टरने आपला आर्थिक स्वार्थ रुग्णाला सांगायला हवा होता, पण काढलेल्या पेशींवर रुग्णाची मालमत्ता म्हणून मालकी नाही. हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी १९५१ मध्ये तिला न विचारता घेतल्या गेल्या, जगभर त्यांच्यावर कंपन्या उभ्या राहिल्या. तिच्या वारसांशी एका बड्या कंपनीने तडजोड केली ती २०२३ मध्ये, बहात्तर वर्षांनी.

देणाऱ्याने दान द्यायचे, घेणाऱ्याने विकत घ्यायचे, आणि मधल्याने मालक व्हायचे. गावगाड्यात मेलेले ढोर ओढण्याचे काम आपल्या वाडवडिलांवर लादले होते, कातड्याचा पैसा मात्र भलतीकडेच जात होता, याची आठवण वाचकांना आम्ही वेगळी करून द्यायला नको. आपल्या रुग्णालयांत कापून काढलेले मानवी अवयव २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत टाकतात आणि जाळतात. ती पिशवी उचलणारा हात बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. वीस कोटींच्या उपचाराचा कच्चा माल तो अशा पिशव्यांतून भट्टीपर्यंत नेत असतो.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात वर्षाला दोन कोटींहून अधिक बालके जन्मतात, अमेरिकेत छत्तीस लाखांच्या आसपास. त्याच प्रमाणात ढोबळ हिशेब केला तरी थायमस नसलेली शंभरावर बालके आपल्याकडे दरवर्षी जन्मत असली पाहिजेत. ती कोठे आहेत? ती मृत्यूच्या दाखल्यावर 'न्यूमोनिया' किंवा 'अतिसार' या शब्दांत आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून टी-पेशींची चाचणी सुरू केली आणि २०१८ अखेर ती सर्व राज्यांत पोहोचली. आपल्याकडे अशी देशव्यापी चाचणी नाही. उलट जन्मल्याबरोबर बीसीजीची लस टोचली जाते. निरोगी बाळासाठी ती चांगलीच आहे, तिच्याविरुद्ध कोणी गैरसमज पसरवू नये. पण तिच्यात जिवंत जंतू असतात, आणि टी-पेशी नसलेल्या बाळाच्या अंगभर ते पसरू शकतात. म्हणून ज्या घरात आधीचे मूल तान्हेपणी वारंवार संसर्ग होऊन गेले असेल, त्या घरातल्या पुढच्या बाळाला लस देण्यापूर्वी डॉक्टरांना ही गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तेथे अशा जन्मजात विकारांचे निदान होते. किती आशाताईंना हे ठाऊक आहे?

घरात एकामागून एक मूल गेले की दोष कोणाला दिला जातो हे आम्ही सांगायला नको. आईला! ती पांढऱ्या पायाची, तिने मागच्या जन्मी पाप केले, देवीचा कोप झाला. बावीसाव्या गुणसूत्राचा भाग गळण्याचा प्रकार दहापैकी नऊ वेळा त्या बाळातच नव्याने घडलेला असतो, तो आईकडूनही आलेला नसतो आणि बापाकडूनही नाही. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्टपणे नाकारला आहे. माणसाच्या दुःखाची जबाबदारी समाजावरून आणि राज्यावरून काढून मेलेल्या जन्मावर टाकण्याची ही युक्ती आहे, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या वस्त्यांत आजही नवस, उतारे, अंगारे चालतात. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावून भागत नाही.

मात्र दुसरा प्रकार खरोखरच वंशाने येतो. 'फॉक्स-एन-१' नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तर थायमस घडतच नाही. आई-बाप दोघेही वरकरणी निरोगी, पण दोघांकडे एकेक सदोष प्रत, असे असेल तर चार मुलांमागे एकाला धोका. दक्षिण इटलीतल्या अचेर्नो या लहानशा गावात, जेथे पिढ्यान्पिढ्या लग्ने आपसातच होत आली, तेथे हा दोष अनेकांत आढळला. एका गावाची ही कथा, तर ज्या देशात हजारो जाती शतकानुशतके आपल्याच कुंपणात लग्ने लावत आल्या त्या देशाचे काय? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी सांगितले की जातीचे सार म्हणजे जातीअंतर्गत विवाह. त्यानंतर शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, हैदराबादच्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांचे डीएनए तपासले. त्यातले ८१ समूह असे निघाले की त्यांच्यातले आपसातल्या लग्नांचे ठसे फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही गडद आहेत, आणि हे दोन्ही समाज आनुवंशिक आजारांसाठी जगभर अभ्यासले जातात. या समूहांत उच्च म्हणवणारे आहेत आणि खालचे ठरवलेलेही आहेत. जनुकाला वर्ण कळत नाही. रक्त शुद्ध ठेवण्याच्या नावाखाली ज्यांनी कुंपण घातले त्यांनी दोष आतच कोंडून ठेवला. आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिले. आता तो बालआरोग्याचाही उपाय आहे, असे म्हणायला शास्त्राचा आधार आहे. आपल्यातले जे लोक आजही पोटजात पाहून सोयरीक जुळवतात त्यांनी यावर विचार करावा. धर्मांतर केले आणि वधू-वर सूचक मंडळात पोटजात विचारली, तर काय बदलले?

यानंतर त्या कार्यकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. दुर्मिळ रोगांसाठी केंद्राचे २०२१ चे राष्ट्रीय धोरण आहे. सुरुवातीला वीस लाख आणि २०२२ पासून पन्नास लाख रुपयांपर्यंत मदत ठरली, मुंबईत केईएम हे त्याचे केंद्र आहे. वीस कोटींपुढे पन्नास लाख म्हणजे चाळिसावा हिस्सा. बाकीचे कोणी भरायचे? श्रीमंत असेल तो अमेरिकेला जाईल, इतरांनी समाजमाध्यमांवर मुलाचा फोटो टाकून भीक मागायची. येथे सरकारी वकील हमखास एक युक्तिवाद करतात, की एका मुलावर एवढा पैसा घातला तर हजार मुलांच्या लसींचे काय? हा युक्तिवाद वरवर समतावादी वाटतो, पण तो फसवा आहे. एका गरीब मुलाला दुसऱ्या गरीब मुलापुढे उभे करायचे आणि किंमत ठरवणाऱ्याला प्रश्नच विचारायचा नाही!

१९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या शेतमजूर संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शासकीय रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे आणि पैशाची टंचाई ही सबब चालणार नाही. रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला कलकत्त्यातली सरकारी रुग्णालये खाट नाही म्हणून परत पाठवत होती, त्याला पंचवीस हजारांची भरपाई मिळाली. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. मनमोहन यांनी दुर्मिळ आजाराने पीडित अशा एका रिक्षाचालकाच्या मुलाला मोफत उपचार देण्याचा आदेश सरकारला दिला. हे निकाल आपल्या हाती आहेत. पण केवळ न्यायालयात जाऊन कंपनीचे बिल सरकारने भरावे असे मागणे पुरेसे नाही. त्याने सरकारी तिजोरीतून पैसा कंपनीकडे जाईल, एवढेच.

मागणी याच्या पुढची हवी. कच्चा माल आपल्या रुग्णालयांत जळतो आहे, तर तो येथेच सरकारी प्रयोगशाळेत का वाढवला जाऊ नये? हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, त्याला आम्ही मुंबईचेच उदाहरण देतो. रक्ताच्या कर्करोगावरचा 'कार-टी' हा पेशी-उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या संशोधनातून उभा राहिला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि त्याची किंमत अमेरिकेतल्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. ती किंमतही मजुराच्या आवाक्याबाहेरच आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. पण किंमत ही निसर्गाने ठरवलेली नसते, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

आणि शेवटचा मुद्दा, जो आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. थायमस नसलेले मूल लाखात एखादे. पण थायमस आक्रसलेले मूल? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली, १०.९ टक्के तीव्र कृश. मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली ही नावे आपण वर्षानुवर्षे ऐकतो, मेळघाटातल्या बालमृत्यूंवर मुंबई उच्च न्यायालयात याचिका चालतच राहिल्या. तीव्र कुपोषित मुलाचा थायमस इतका रोडावतो की वैद्यकीय लेखनात त्याला शस्त्रक्रियेविना थायमस काढून टाकणे असेच म्हटले गेले आहे. अशी मुले मरतात ती भुकेने नाही, न्यूमोनियाने आणि हगवणीने, असे सरकार न्यायालयात सांगते. तांत्रिकदृष्ट्या खरे आहे! ज्या अवयवाने त्यांना न्यूमोनियापासून वाचवायचे तो अवयव भुकेने आधीच खाल्लेला असतो.

जनुकाने गेलेला थायमस परत आणायला वीस कोटी लागतात. भुकेने गेलेला थायमस अन्नाने परत येतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. बोलिव्हियात कोचाबांबा येथे तीव्र कुपोषित मुलांच्या थायमसची सोनोग्राफी करून पाहिले, तेव्हा वजन साधारण महिन्याभरात सुधारले, पण थायमस भरून यायला दोन महिने लागले. आपल्या पोषण पुनर्वसन केंद्रांत मूल दोन-तीन आठवडे ठेवतात, वजन वाढले की घरी पाठवतात. आईची मजुरी बुडते, घरी दुसरी लेकरे असतात, ती तरी किती दिवस राहणार? मूल वजनाने बरे झालेले असते, आतून ते अजून उघडेच असते, आणि पावसाळ्यात परत जाते ते जातेच. राज्याने पोषणमान उंचावणे हे आपले प्राथमिक कर्तव्य मानावे असे अनुच्छेद ४७ सांगतो. चार लेकरे मातीत ठेवलेल्या आई-बापांचे दुःख ज्यांनी स्वतः भोगले, त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हा मसुदा सिद्ध केला आहे.

तेव्हा कामाचे बोलू. प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली दोन अर्ज करावेत. पहिला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे: पोषण पुनर्वसन केंद्रात गेल्या तीन वर्षांत किती मुले दाखल झाली, सरासरी किती दिवस राहिली, घरी गेल्यावर दोन महिने पाठपुरावा झालेली किती, त्या काळात दगावलेली किती, आणि आईला बुडीत मजुरी दिली का. दुसरा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे: हृदयाचे जन्मजात दोष असलेल्या किती बालकांची कॅल्शियम व टी-पेशींची तपासणी झाली, किती जणांना दुर्मिळ रोग धोरणाखाली केईएमकडे पाठवले, आणि हृदय शस्त्रक्रियेत काढलेल्या थायमसची विल्हेवाट कशी लावली जाते. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील. उत्तरे आली की त्यांच्या प्रती एकत्र करून उच्च न्यायालयात काय मागता येईल ते ठरवू. अर्जाचा नमुना आम्ही तयार केला आहे, ज्यांना हवा असेल त्यांनी संपादकांकडे नाव व तालुका कळवावा.